मी धुतलेला निळीचा रांजण

"मास्तर, रांजण कुणी धुतला?"

निळीचं काम बघणाऱ्या नूरभाभी दारातच थांबल्या होत्या. मी छाती फुगवून म्हणालो, "मीच. ब्लीचिंग टाकून, ब्रशनं घासून. सोमवारी बायर येतोय ना इन्स्पेक्शनला!"

भाभींनी धावत येऊन रांजणात वाकून बघितलं. "या अल्ला! सासूनं लावलेली नीळ हुती वो ती," म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.

तीस वर्षं मी मिलमध्ये डाइंग मास्तर होतो. रिटायर झाल्यावर संगमनेरला वैशालीताईंच्या नैसर्गिक रंगाच्या युनिटमध्ये लागलो. मिलमध्ये आमचा एकच धर्म, टाकी चकाचक हवी. निळीचं गणित नेमकं उलटं. नीळ पाण्यात विरघळत नाही. रांजणातले जिवाणू गूळ आणि कोंडा खातात, पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, तेव्हा कुठे ती विरघळते. कापड बाहेर निघतं हिरवट, आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. हे जिवाणू राहतात तळाच्या गाळात. दह्याला विरजण, तसा निळीला हा गाळ. आणि मी दीडशहाण्यानं तो गटारात ओतला होता.

वैशालीताईंनी बायरला फोन करून मुदत मागून घेतली. मी नवा रांजण आणून लावला. गूळ, चुना, कोंडा, सगळं मापात. पण ऐन थंडीचे दिवस. आठ दिवस झाले तरी फेस नाही, वास नाही, पाणी आपलं निळंच. पीएच मीटर बुडवून बुडवून मी थकलो. भाभी रोज बोट बुडवायच्या, जिभेला लावायच्या, मान हलवायच्या. आणि पाठ फिरवून निघून जायच्या. फार लाज वाटायची हो.

शेवटी विचारलंच, "भाभी, तुमच्या सासूबाईंचा गाळ आणखी कुणाकडं असेल का?"

"हसीनाकडं हाय. माझी जाऊ, मिरजगावला ऱ्हाती. वाटनी झाली तवा सासूनं निम्मा गाळ तिला दिला, माझा निम्मा मी हितल्या रांजनात घातलेला. मी लई भांडले. बारा वर्सं झाली, तोंड न्हाई बघितलं तिचं."

दुसऱ्या दिवशी नगरला एसटी बदलून मी मिरजगाव गाठलं. हसीनाबींनी चहा दिला. माझा पराक्रम ऐकून पोट धरून हसल्या. गाळ मागितला, तशा एकदम गंभीर झाल्या.

"तुमाला न्हाई देनार, मास्तर. घरच्याच मानसाच्या हातात द्यायचा, आमच्यात रीतच हाय. तिला यायला सांगा."

हात हलवत परत आलो. भाभींना निरोप दिला, तर म्हणाल्या, "मी न्हाई जायची!" संपला विषय.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या रिकामं मडकं घेऊनच युनिटवर आल्या. "टेम्पो काढा," एवढंच बोलल्या. मिरजगाव येईपर्यंत मडकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

हसीनाबी दारात उभ्या होत्या. भाभी त्यांच्याकडं न बघता सरळ रांजणापाशी गेल्या. बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"चुना जास्ती झालाय गं."

"बारा वर्सांनी आलीस, आन् पयली चूकच काढ माजी!" हसीनाबी म्हणाल्या, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी आणि टेम्पोवाला उगाच अंगणातल्या लिंबाकडं बघत उभे राहिलो.

तो गाळ घातल्यावर चौथ्या दिवशी रांजणावर तांबूस तवंग आला, म्हणजे नीळ लागली. भाभींनी पहिली साडी बुडवून काढली, ती माझ्या हातातच हिरव्याची निळी झाली. मिलमध्ये हजारो टाक्या कापड रंगवलं, पण असं भरून कधी आलं नव्हतं.

बायर आला. साड्या हातात घेऊन बघितल्या, ऑर्डर पास केली. रांजणात त्यानं डोकावूनसुद्धा पाहिलं नाही.

आता युनिटचं कामही सोडलं, मी घरीच असतो. त्या दोघींची आठवण फार येते. नव्या ठिकाणी नोकरीला लागलेल्यांना मी एवढंच सांगतो, काहीही धुवायला घेण्याआधी विचारा, हे कुणाचं आहे.