म्हशीमागनं माहेर

मनुबाई उंबरगाळीची लेक आणि आमच्या वाडीची सून. दोन्ही गावांच्या मध्ये एक डोंगर होता, जांबोटीकडच्या जंगलातला, ऐन-किंजळीच्या झाडांनी गच्च भरलेला. डोंगरावरून पायवाट होती. सकाळी भाकरी खाऊन निघालं की दुपारची भूक उंबरगाळीत लागायची. खालच्या गाडीरस्त्यानं जायचं तर जांबोटीचा वळसा पडायचा आणि एक मुक्काम कुणाच्या तरी ओसरीवर करावा लागायचा.

ही पायवाट राखायचं काम जंगलखात्याच्या गार्डानं मनुबाईच्या सासऱ्याच्या, मारुतीरावांच्या, गळ्यात घातलं होतं. पावसाळा सरला की वाटेवर पडलेली झाडं तोडून बाजूला करायची आणि त्या बदल्यात फांद्या जळणाला न्यायच्या. मारुतीराव फांद्या तेवढ्या न्यायचे. बुंधे जिथं पडलेत तिथंच आडवे राहायचे. गार्डालाही वर चढायचा कंटाळा होता, त्यामुळं दोघांचं बरं जमलं होतं.

मारुतीराव माणूस वाईट नव्हता. अंगानं आडवा, आवाजानं मोठा, आणि घरातलं कुणी चार दिवस बाहेर गेलं की त्याला करमायचं नाही. करमायचं नाही म्हणजे, गेलेल्या माणसाचं काम कोण करणार हा घोर लागायचा.

पहिली जर्मन लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मनू या घरात आली. तिच्या बापानं लग्नात चांदी नावाची म्हैस दिली होती. कपाळावर रुपयाएवढा पांढरा टिळा, शिंगं मागं वळलेली आणि स्वभाव हट्टी. मनूशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागला की ती पान्हा चोरायची. तिच्या तुपाला जांबोटीच्या बाजारात मागणी असायची, म्हणून मारुतीराव रोज सकाळी आधी चांदीची विचारपूस करायचे आणि मग घरच्यांची.

पहिल्या पंचमीला मनूनं माहेरी जायचं काढलं.

"वाट बंद हाय," मारुतीराव म्हणाले. "झाडं पडल्यात."

गौरीला विचारलं, तेव्हाही झाडं पडली होती. दिवाळीला तिचा भाऊ भरमू न्यायला आला. डोंगर उतरूनच आला होता. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, पण माणूस धडधाकट.

"वाट बंद हाय म्हणं," मनू त्याला सासऱ्याच्या देखत म्हणाली.

"मी आलो की आत्ताच," भरमू म्हणाला.

"तू गडी हाईस," मारुतीराव म्हणाले. "बाईमाणसाचं काम न्हवं त्ये. येवढाले बुंधे, चढून जायाचं म्हंजे खेळ हाय व्हय? पोरगी पडली तर तुझ्या बापाला मी काय सांगू?"

भरमू जेवला आणि एकटाच परत गेला. मनू चुलीपुढं बसून राहिली. सासू बाळाबाई तिच्याकडं एकदा बघून भाकरी थापत राहिली. बाळाबाई एकूणच कमी बोलायची.

पुढचं सालही असंच सरत आलं. पंचमी गेली, गौरी जेवून गेल्या, दसऱ्याचं सोनं वाटून झालं. एका सकाळी मनू चांदीला चरायला घेऊन डोंगराच्या पायथ्याशी गेली. तिथं पायवाटेच्या तोंडाला उभं राहून तिनं बराच वेळ विचार केला. मग म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडलं, तिचं तोंड डोंगराकडं केलं आणि पाठीवर थाप मारली.

"जा बाई. तुला कोन अडिवतंय? आईला म्हणावं, मी बरी हाय."

चांदीनं एकदा मागं वळून बघितलं आणि वाटेला लागली. जणू एवढ्याचीच वाट बघत होती.

दुपारी मनू हातात दावं घेऊन घरी आली. "चांदी सुटली," म्हणाली. "मी पानी प्यायला गेलतो, तंवर दिसंनाशी झाली."

मारुतीरावांनी सगळी वाडी हलवली. "सुटली कशी? दावं कुनी बांधलंतं?"

"दावंच कुजलंतं," बाळाबाई आतून म्हणाली.

दावं हातात घेऊन बघावं हे त्या गडबडीत कुणाला सुचलं नाही. नवरा शामू म्हशीचे खूर शोधत पायवाटेपर्यंत जाऊन आला. खूर वर गेले होते. त्या डोंगरात बिबट्याचा वावर होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मनूला ते दावं सोडताना नेमकं आठवलं नव्हतं. दिवेलागणीला ती दोनदा उठून अंगणातून डोंगराकडं बघून आली. म्हैस बापाच्या दारात पोचली असेल की वाटेतच कुणाच्या तोंडी गेली असेल? आपण केलं ते बरं केलं की वाईट, हे ठरवायलाही आता उशीर झाला होता.

उजाडल्या उजाडल्या मारुतीराव आणि शामू निघाले. मनूही डोक्यावर पदर घेऊन दारात उभी.

"तू कुठं?"

"चांदी माझ्याच हाकंला येती, मामा. तुमी हाक मारलासा तर आनि लांब पळंल."

हे खरं होतं. मारुतीरावांनी काखेत घोंगडं मारलं आणि पुढं झाले.

पहिलं झाड लागलं ते जांभळीचं, कमरेएवढ्या उंचीवर आडवं. मारुतीराव त्याला पोट टेकून पलीकडं घसरले. शामू उडी मारून गेला. मनू दिसेना. बापलेक वळून बघतायत तर ती त्यांच्या पुढं दहा हातांवर उभी.

"कुठनं आलीस?"

"हितनंच," मनू म्हणाली.

गोष्ट साधी होती. चांदी काही बुंध्यांवरून चढून गेली नव्हती. प्रत्येक झाडापाशी ती खालच्या अंगानं कारवीच्या झुडपांत शिरली होती, शेंड्याला वळसा घालून पुन्हा वाटेवर आली होती. एवढ्या मोठ्या जनावरानं कारवी तुडवली की मागं आयती वाट होते. मनू खुरांच्या मागनं चालली होती, एवढंच. शामूच्या ते दुसऱ्या झाडापाशी ध्यानात आलं. बायकोनं त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्प राहिला, आणि बापाला सोबत म्हणून बिचारा झाडांवरून चढत राहिला.

मारुतीरावांना इकडंतिकडं बघायची सवयच नव्हती. "ह्या वाटंनं माझा जन्म गेलाय," म्हणत ते सरळ जायचे. दुसऱ्या झाडाखालून त्यांना रांगत जावं लागलं आणि मुंडासं फांदीला अडकून वरच राहिलं. तिसऱ्या ठिकाणी दोन झाडं एकमेकांच्या गळ्यात पडली होती आणि त्यांच्या सापटीत तांबड्या मुंग्यांचं घर होतं. त्या मुंग्या धोतरात शिरल्यावर मारुतीराव काय बोलले ते शामूनं पुढं कधीच कुणाला सांगितलं नाही.

मग आला मोठा ऐन. खिंडीच्या तोंडाला तो आडवा पडला होता, आणि पडूनही माणसाच्या छातीला लागत होता. मारुतीराव शामूच्या खांद्यावर पाय देऊन वर चढले. एक पाय पलीकडं टाकला आणि बसले ते बसलेच. इकडचा पाय जमिनीला पोचेना, तिकडचाही पोचेना. बुंध्यावर शेवाळ. हलले की घसरल्यासारखं व्हायचं, म्हणून हलायची सोय नाही.

मनू पलीकडच्या बाजूला एका दगडावर बसून पायातला काटा काढत होती.

"मामा," ती खाली बघतच म्हणाली, "वाट बंद हाय का उगडी?"

शामूला त्याच वेळी जोराचा खोकला आला आणि तो झाडामागं गेला. शेवटी बापाला खाली घेताना धोतर एका खुंटाला लागून टराटरा फाटलं, तेव्हा काखेतलं घोंगडं कमरेला आलं.

उंबरगाळीत पोचले तेव्हा चांदी मनूच्या माहेरच्या अंगणात फणसाला बांधलेली होती आणि पेंडीच्या घमेल्यात तोंड खुपसून उभी होती. मनूनं तिच्या गळ्याला मिठी मारली. तिथं तिला पहिल्यांदा रडू आलं. आई अंबुबाई आतून धावत आली. तिला वाटलं लेक आईच्या आठवणीनं रडते. थोडं तेही होतं.

व्याह्यांचा अवतार बघून कुणी काही विचारलं नाही. गरम पाणी काढलं, मुंग्या चावल्या होत्या तिथं लावायला खोबरेल दिलं, नेसायला धोतर दिलं आणि कोंबडी कापली. मारुतीराव दोन वेळा रस्सा मागून जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी निघायचं काढलं. "मनू, म्हस सोड. जाऊया."

"मनूला ऱ्हाऊ द्या की चार रोज," अंबुबाई म्हणाली. "दोन सालं झाली."

"पाठवायला काय न्हाय वो," मारुतीराव म्हणाले, "खरं वाट..." आणि थांबले. अंगणातले सगळे त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी घसा साफ केला. "गडीमाणसाचं येगळं. बाईमाणसाला ती वाट झेपत न्हाय, म्हनून म्हणतोय."

मनू म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती. "चांदी गडी हाय व्हय, मामा?"

अंबुबाईनं पदर तोंडाला लावला. भरमू गोठ्यात गेला. मारुतीराव म्हशीकडं बघत राहिले आणि म्हैस त्यांच्याकडं. शेवटी म्हैसच आधी तोंड फिरवून पेंड खायला लागली.

"तुळशीच्या लग्नापातूर ऱ्हा," मारुतीराव म्हणाले. "म्हशीला परत झाडं वलांडायला नको लावायला. तिलाबी ऱ्हाऊ दे."

बापलेक परत गेले ते जांबोटीच्या गाडीरस्त्यानं, वाटेत मुक्काम करून.

घरी पोचल्यावर खरी गंमत झाली. बाळाबाईनं नवऱ्यापुढं तांब्या ठेवला आणि विचारलं, "डोंगरावरनं गेलतासा न्हवं?"

"व्हय."

"मनूबी गेली?"

"गेली की."

"मंजी वाट उगडी हाय."

मारुतीरावांनी पाणी पिऊन घेतलं. बाळाबाईचं माहेर उंबरगाळीच्या शेजारचंच. लग्न होऊन आल्यापासून वाट तिच्यासाठीही बंदच होती. भावाच्या लग्नाला आणि बाप गेला तेव्हा, असं दोनदा काय ते ती जांबोटीवरून गाडीनं जाऊन आली होती.

"येत्या पंचमीला मी जानार हाय," ती म्हणाली आणि तांब्या उचलून आत गेली. तिच्या तोंडून एका दिवसात एवढे शब्द घरात कुणी ऐकले नव्हते.

आणि ती गेली. पुढच्या पंचमीला, भर पावसात, सासू-सून डोक्यावर इरली घेऊन डोंगर चढल्या. बरोबर कोयता होता. वळशाच्या वाटेवरची कारवी छाटत त्या मोठ्या ऐनापाशी आल्या आणि दम खायला थांबल्या. तिथं काय घडलं ते शामूनं आईला सांगून ठेवलं होतंच. बाळाबाईनं त्या बुंध्याकडं बघितलं, नवरा कसा बसला असेल ते मनात आणलं, आणि तिला हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता ती सुनेला म्हणाली, "दावं कुजकं नव्हतं गं. मीच वळलंतं, गौरीच्या आधी."

मनू तिच्याकडं बघत राहिली. "आत्या, मग तुमी..."

"चल आता," बाळाबाई म्हणाली. "उशीर हुतोय."

त्यानंतर वाडीतल्या सगळ्याच सुना त्या वाटेनं जायला लागल्या. दर पावसाळ्यात नवी झाडं पडायची आणि बायका नवे वळसे पाडायच्या. ऐनाच्या बुंध्याला त्यांनी 'मारुतीरावाचं घोडं' नाव ठेवलं. ते पाणवठ्यावरून शेजारच्या गावांत गेलं, गुराख्यांच्या तोंडी बसलं, आणि ज्यांचं नाव होतं त्यांच्या कानावर सगळ्यांत शेवटी आलं. एकदा एक कासार बांगड्यांची पेटी घेऊन अंगणात टेकला. त्यानं मारुतीरावांनाच विचारलं, "आजोबा, उंबरगाळीला जायाचं हाय. मारुतीरावाच्या घोड्यावरनं जायाचं का वळसा घालून?"

मनू आत दळत होती. जातं थांबलं.

मारुतीरावांनी पानाला चुना लावला, पान दुमडलं, तोंडात घातलं. "वळसा घालून जा," ते म्हणाले. "वरनं जाऊ नगा. शेवाळ असतंय."

मग जातं पुन्हा सुरू झालं.

सासू-सासरे गेले, चांदीच्या तीन पिढ्या त्या गोठ्यात झाल्या, आणि मनूची मनुबाई झाली. स्वातंत्र्याच्या आदल्या साली तिच्या मुलाचं लग्न झालं. सून कडोलीची, बेळगावजवळची, सपाट मुलखातली. मनुबाईनं ठरवलं होतं की सुनेनं विचारायच्या आधीच तिला माहेरी धाडायचं. पहिल्या पंचमीला तिनं स्वतःच पोरीचं गाठोडं बांधलं आणि पोचवायला म्हणून आपणही निघाली. जांबोटीवरून मोटार, बेळगावातून टांगा. दोन्ही बाजूला भाताची हिरवीगार खाचरं आणि मधून सरळ रस्ता. विहीणबाईंनी आठ दिवस राहायचा आग्रह केला. मनुबाई तिसऱ्याच दिवशी परत आली.

"का गं, न्हाय का गमलं?" शेजारणींनी विचारलं.

"मानसं लई चांगली," ती म्हणाली. "खरं वाट कसली ती? एक झाड आडवं न्हाय. मानसानं घरला येऊन सांगायचं तरी काय?"

दोन दिवस विसावा घेऊन ती कोयता घेऊन डोंगरावरनं उंबरगाळीला गेली. आई कधीच गेली होती, भरमू तेवढा होता. यायला तिला दिवाळी झाली.