निसारभाईंचा कान

"नवा ब्लॉक कच्चा असतो, दोन लाख किलोमीटर तापून निवालेला आणा, मग बोलू," असं निसारभाई एकदा एका हौशी गिऱ्हाइकाला म्हणाले होते, आणि नाशिकच्या गॅरेजवाल्यांत ते वाक्य म्हणीसारखं फिरत राहिलं.

ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड. ओतीव लोखंडाचा ठोकळा, त्यात चार सिलिंडरच्या विहिरी, आणि विहिरींभोवती पाणी खेळायला पोकळ्या. द्वारकेच्या पुलामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, निसार शेख चाळीस वर्षं या विहिरी घासूनपुसून गोल करत आले. लोक त्यांच्याकडे ताकद मागायला येत. टर्बो बसवायचा, तीच जीप दुप्पट जोरात घाटावर चढवायची. येणारा प्रत्येक जण आधी म्हणे, "चाचा, बोअर मोठा मारा," म्हणजे विहिरी खरवडून रुंद करा.

"अरे बाबा, टर्बो आत हवा कोंबतो," निसारभाई म्हणत. "कोंबलेली हवा भिंतीला रेटते. आणि तू भिंतच खरवडायला सांगतोस? पोट सुटलं म्हणून कुणी पैलवान होतो का?"

मग ब्लॉक निवडायचं काम. ते ब्लॉक साखळीने आढ्याला टांगत आणि छोट्या हातोडीने एकच टोला देत. धडधाकट ब्लॉक घंगाळासारखा वाजतो. भेग असेल तर 'बद्द' होतं, तडकलेल्या मडक्यासारखं. निवडलेल्या ब्लॉकवर ते जाड लोखंडी पाट बोल्टांनी आवळत आणि मगच बोअर मारत. कारण वरचं झाकण, म्हणजे हेड, आवळून बसलं की विहीर केसभर वाकडी होते, ती वाकडी असतानाच गोल करावी लागते. "माणसाचंही माप ओझं ठेवून घ्यावं," असं वर म्हणत.

त्यांची मुलगी फलक डिप्लोमा करून शेडमध्ये आली तेव्हा सोबत भिंतीची जाडी मोजायचं मीटर घेऊन आली. निसारभाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "सेलवर चालतं?"

"हो, अब्बा."

"सेल संपला की ब्लॉक पातळ होतो काय?"

सगळे हसले, फलकही हसली. मीटर कपाटात गेलं.

दोन वर्षांपूर्वी विहंग मेला. जीप शर्यतीत धावणारा पोरगा. त्याचा टर्बोचा ब्लॉक निसारभाईंनीच निवडला होता, बांधलाही त्यांनीच. हरसूलकडच्या घाटात सराव करताना उताराच्या वळणावर इंजिन जागच्या जागी आवळलं, मागची चाकं अडली आणि जीप कठड्यावरून खाली गेली. पोलिसांनी वेग लिहिला. विहंगच्या घरच्यांनी नशीब म्हटलं. निसारभाईंना कुणी काही विचारलं नाही, आणि तेच त्यांना सोसवेना. ते स्वतः टेम्पो घेऊन गेले, भंगारवाल्याकडून तो ब्लॉक आणला आणि शेडच्या मागच्या कोपऱ्यात लोखंडी तिकाटीला टांगून ठेवला. वर ताडपत्री.

तेव्हापासून रोज सकाळी शेड उघडली की आधी ताडपत्री उचलायची, एक टोला द्यायचा, मान कलती करून उभं राहायचं. फलक दारात झाडू घेऊन थांबे. आत दिवा लावलेला नसे. अंधारात तो ठोकळा किंचित हलत असे आणि त्याच्यासमोर तिचा बाप, कुणाच्या तरी छातीला कान लावल्यासारखा.

"ठणठणीत आहे," ते बाहेर येऊन सांगत. तिने काही विचारलेलं नसतानाच सांगत. "ब्लॉकचा दोष नव्हता."

तिला मात्र त्या कोपऱ्यातून काही घुमलेलं ऐकू येत नसे. लांब उभी आहे म्हणून असेल, असं तिने बरेच दिवस धरलं.

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी निसारभाई नमाजाला गेले असताना फलकने ताडपत्री काढली. भेग शोधायला पूर्वी रॉकेल लावत; ते मिळेनासं झाल्यापासून डिझेलच वापरतात. तिने विहिरींच्या भिंती डिझेलने भिजवल्या, कोरड्या पुसल्या आणि खडूची पूड फासली. भेगेत मुरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर उमटतं. तिसऱ्या विहिरीत वितभर काळी रेघ उमटली. तिथून पोकळीतलं पाणी आत शिरलं असणार. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्याच्यावर आदळला आणि थांबला. तिने हातोडी घेतली, टोला दिला.

बद्द.

तिने खडू पुसला, ताडपत्री सरळ केली. मग स्टुलावर बसली आणि तिला आठवत गेलं. अपघाताच्या आधी दोन वर्षं, जेवताना अब्बा विचारायचे, "कॉम्प्रेसर चालू राहिला का गं?" कॉम्प्रेसर बंद असायचा. ईदच्या दुपारी घर शांत असताना, "कोण ताट वाजवतंय?" कुणीच वाजवत नव्हतं. त्यांच्या कानातच काहीतरी वाजायला लागलं होतं, आणि त्यांनी त्या कानाने ब्लॉक निवडायचं थांबवलं नव्हतं. प्रत्येक ब्लॉक त्यांना ठणठणीत वाटत होता. भेग अपघातात पडली, असंही म्हणता आलं असतं. पण रोज सकाळचा तो टोला? त्याला काय म्हणणार?

अब्बा नमाजाहून परतले. तिने चहा दिला.

आणि आता आल्हाद आला होता. विहंगचा जोडीदार, त्याच्या शेजारच्या सीटवर नकाशा धरून बसणारा. त्या दिवशी ताप होता म्हणून वाचलेला. त्याला जीपमध्ये टर्बो हवा होता, त्याच घाटात धावायचं होतं, आणि ब्लॉक निसारचाचांनीच निवडायला हवा होता. त्याने दोन आणले होते: एक नामपूरला कांदे वाहणाऱ्या पिकअपचा, एक त्र्यंबकला प्रवासी भरून पळणाऱ्या वडाप जीपचा.

"तीन महिने ब्लॉक शोधतोयस," निसारभाई म्हणाले. "बायको किती दिवसांत पसंत केलीस?"

"तिनेच केली, चाचा. मला कोण विचारतंय!"

निसारभाईंनी नामपूरच्या ब्लॉकला टोला दिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "हा! हाच. ऐक कसा गातोय."

फलकने मीटर कपाटातून काढलं होतं. "अब्बा, दुसऱ्या विहिरीची भिंत एका बाजूला पातळ आहे. ओततानाच साचा सरकलाय. टर्बोचा दाब नाही सोसणार. त्र्यंबकवाला सगळीकडे सारखा आहे."

"सेल बदल," निसारभाई म्हणाले.

आल्हाद हसला. "फलकताई, राग नको मानूस. चाचांचा कान म्हणजे कान. दुपारीच मशीनवर चढवा." फोन वाजला म्हणून तो बोलत बाहेर गेला.

शेडमध्ये दोघंच राहिले. साखळीला ब्लॉक मंद फिरत होता. फलकने हातोडी उचलली.

"अब्बा, एकदा माझ्यासाठी. डोळे मिटा. मी टोला देते. आवाज पूर्ण विरला की हात वर करा."

"परीक्षा घेतेस बापाची?"

"हो."

त्यांनी कौतुकाने मान हलवली आणि डोळे मिटले. तिने टोला दिला आणि लगेच दोन्ही तळवे ब्लॉकवर घट्ट दाबले. लोखंड गप्प झालं. पुलावरून एक ट्रक गेला, तोही विरला. निसारभाई मान कलती करून उभे होते, ओठांवर हसू. हात खालीच होता.

"अजून आहे," ते हळूच म्हणाले.

फलकने हात काढून घेतले असते, 'बस, झालं' म्हटलं असतं, तर सगळं होतं तसं राहिलं असतं. बाहेरून आल्हादचं हसणं ऐकू आलं. तिने हात काढले नाहीत.

"अजून आहे गं... काय लांब चाललाय..."

मग हसू थोडं ढळलं. एवढा लांब कुठलाच ब्लॉक वाजत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी डोळे उघडले. आधी मुलीचा चेहरा पाहिला, मग तिचे हात. ते हात कधीपासून तिथे आहेत, हे तिच्या बोटांवरून कळत होतं. दाबून दाबून नखं पांढरी झाली होती.

फलकला वाटलं, ते ओरडतील, निदान विचारतील. ती त्र्यंबकच्या ब्लॉककडे बोट करून काही सांगायला गेली, पण ते तिच्याकडे पाहत नव्हते. ते मागच्या कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे पाहत होते. पापणी न हलवता.

मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि दाराकडे चालू लागले. दारात आल्हाद फोन बंद करून आत येत होता.

"मग चाचा, नामपूरचाच ना?"

निसारभाई त्याच्या अंगाला अंग घासून बाहेर पडले आणि पुलाच्या सावलीतून, रस्त्याकडे न बघता, चालत गेले.