अंगण बाहेर गेलं

मी पुण्याला नोकरीसाठी निघाले तेव्हा रिक्षावाला भोंगा वाजवून वाजवून वैतागला होता. जालन्यात मस्तगडच्या मागे आमची भाड्याची घरं, दोन ओळींत समोरासमोर, आणि मधे सगळ्यांचं मिळून एकच मोठं अंगण. ते ओलांडता ओलांडता माझी गाडी चुकायची वेळ आली. कुणी हातावर दही घातलं, कुणी चटणीची बरणी पिशवीत कोंबली, शेजारच्या शेवंतामावशीने तर धरून खाली बसवलंच. आई मागून ओरडत होती, "जाऊ द्या वं तिला, गाडी सुटंल." आणि माझी ओढणी तिनेच घट्ट धरलेली. बाबा तेवढे शांत होते. "पोचली की आधी जेव, मंग फोन कर," एवढंच म्हणाले.

बाबा गेल्यावर आई तिथं एकटी राहिली. "ये की इकडं," मी दर फोनला म्हणायचे. "इथं काय एकटी हाय का मी?" ती उलट विचारायची. खरंच नव्हती. कुठे आहेस म्हटलं की उत्तर ठरलेलं, "घरातच हाय." मागून मावशीचं हसणं, नळाखाली हंडा भरल्याचा आवाज, कुणाचं तरी भांडण. म्हणजे बाई अंगणातल्या कडुनिंबाखाली चादर टाकून भाजी निवडत बसलेली असायची. खोली सामान ठेवायला आणि निजायला, बाकी सगळं अंगणात. ते सगळं मिळून घर.

जुने मालक तात्या बदनापूरकडचे शेतकरी. आले की त्याच चादरीच्या कडेला बसून चहा प्यायचे. अंगण नेमकं कुणाचं, हा प्रश्न त्यांनाही कधी पडला नाही. ते वारले आणि मुलांनी जागा विकून टाकली.

नवीन मालक वाईट माणूस नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आपण गाव सोडून आलेल्यांना गावाकडचे दुष्ट लोक फार लवकर सापडतात. त्याने गळके पत्रे बदलले. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, गेट लावलं, पार्किंगसाठी पिवळे पट्टे मारले. बायकांसाठी भिंतीलगत सिमेंटचे बाकही ठेवले. "काकू, आता खाली बसायचं काम न्हाई. आरामात बसा बिलकुल," असं आईला स्वतः सांगून गेला. आमच्या बायकांनी त्या बाकांवर कुरडया वाळत घातल्या आणि राखण करायला समोर चादर टाकून खाली बसल्या! मी फोनवर पोट धरून हसले. मालकाने कुरडया बघितल्या. थोड्या दिवसांनी पाटी लागली : सामायिक जागेत सामान ठेवू नये, खाली बसू नये, बाकांचा वापर करावा.

नुसती पाटी कुणी जुमानली नसती. पण पट्ट्यांमध्ये गाड्या येऊन उभ्या राहिल्या. पाला पडून गाड्या खराब होतात म्हणून कडुनिंब छाटला, मग ब्लॉक तापायला लागले. चादर टाकायची तर कुणाला तरी गाडी काढायला सांगावं लागायचं. शेवंतामावशीने सांगून बघितलं, मग तिलाच लाज वाटायला लागली. बाकावर बसलं तर सगळ्यांची तोंडं गाड्यांकडे, एकमेकींकडे नाहीच.

एका रविवारी फोन केला. "कुठं हायस?"

"जरा बाहेर आल्ते."

मला वाटलं, बाजारात असेल. "बाहेर कुठं?"

"इथंच की. बाकावर बसून राह्यले."

त्या अंगणाला आई कधीच बाहेर म्हणाली नव्हती. मागून कुणाचा आवाजही येत नव्हता. सवयीने मी म्हटलं, "ये की इकडं."

"येते," ती म्हणाली.

इतकी वर्षं हाच शब्द ऐकायला कान आसुसले होते. आणि तो ऐकून मी बाल्कनीत उभी राहून रडले. जालन्यातून तिला कुणी काढलं नव्हतं. खोली होती, किल्ली होती, तरी तिथलं तिचं राहणं संपलं होतं.

आई आली. आमची सोसायटी मोठी, लॉन आहे, क्लब हाऊस आहे, ज्येष्ठांसाठी छताखाली खुर्च्या आहेत. आईने हिंडून सगळं बघितलं, "मस्त हाय" म्हणाली आणि वर येऊन बसली ती बसलीच. बरेच दिवस बाल्कनीतून खाली बघत राहिली. मग एका संध्याकाळी मेथीची जुडी हातात घेऊन तिने विचारलं, "तिथं खाली गवतावर बसलं तर कोणी काही म्हणंल का?"

मी इथं दर महिन्याला मेंटेनन्स भरते, मीटिंगला जाते, बंद लिफ्टवरून सेक्रेटरीशी भांडते. इतकी वर्षं राहून मला याचं उत्तर ठाऊक नव्हतं. बसायला कुणाला विचारावं लागत नाही ते घर, असं धरलं तर जालन्याचं गेलं होतं आणि पुण्याचं अजून झालंच नव्हतं.

"मला पण न्हाई माहीत," मी म्हटलं. "चल, बसून बघू."