ओच्यातलं वजन

मखमलाबादच्या नवसाबाईला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, असं कुणी तोंडावर म्हटलं तरी तिला राग यायचा नाही. उलट ती मान डोलवायची. "मंग? बघवलं असतं तर माझी मेथी वावरातच पिवळी पडली असती." गंगेवरच्या, म्हणजे आमच्या नदीकाठच्या, बुधवारच्या बाजारात ती चाळीस वर्षं बसली. शेजारणीच्या जुड्या आधी संपल्या की हिच्या पोटात दुखायचं, आणि पुढच्या बुधवारी ही उजाडायच्या आत दोन पाट्या जास्त घेऊन हजर. नवरा गेल्यावर मुलगा भारत अंबडला कंपनीत लागला, मळा सून मनीषाने हाती घेतला, पण बाजार काही नवसाबाईने सोडला नाही. लोक हेव्याने वाया जातात म्हणतात. ही बाई हेव्यावर उभी राहिली होती, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ मिश्रीही लावली. एकसष्टाव्या वर्षी घास गिळताना घशात टोचायला लागलं. घरगुती काढे झाले, दृष्ट काढून झाली, शेवटी तपासणीत जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला. डॉक्टर ज्योत्स्ना मॅडमनी हिशेब सरळ सांगितला. तेहतीस लाईट घ्यायचे, सोमवार ते शुक्रवार, आणि दर सोमवारी किमो. रेडिएशनला तिथे सगळे लाईटच म्हणायचे.

"आजी, नीट ऐका," मॅडम म्हणाल्या. "मळमळेल, चव जाईल, तोंड येईल, गळ्याची कातडी काळी पडेल. हे सगळ्यांना होतं, थोडं नाहीतर फार. पण खाणं सुटलं, वजन उतरायला लागलं, की लपवायचं नाही. मध्ये खंड पडला तर आजार डोकं वर काढतो. गाठ जायची असेल तर तेहतीसच्या तेहतीस सलग पुरे व्हायला हवेत."

नवसाबाईने मान हलवली. तिच्या तोंडाच्या मापाचा जाळीचा मुखवटा बनवला होता. रोज तो तोंडावर घट्ट आवळून डोकं टेबलाला जखडायचं, म्हणजे लाईट दरवेळी त्याच जागी पडणार. श्वास कोंडल्यासारखा व्हायचा, पण बाईने तेही सोसलं.

सोसवली नाही ती कुसाबाई.

कुसाबाई हरसूलकडची, असेल पंचावन्नची, काडीसारखी बारीक. नवसाबाईचाच आजार, हाच दवाखाना आणि दोघींचा पहिला लाईट एकाच सोमवारी. गाव लांब, म्हणून ती दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत उतरली होती. एकटीच यायची, एकटीच जायची आणि येताजाता हसायची. लाईट झाला की हॉलच्या कोपऱ्यातल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसायची आणि डबा उघडायची. नवसाबाईला दिसायची ती फक्त तिची पाठ. मग नळावर डबा धुतल्याचा आवाज. डबा रोज रिकामा.

इकडे नवसाबाईचे हाल सुरू झाले होते. पहिल्या किमोनंतर दोन दिवस पोटातलं पाणीसुद्धा वर आलं. दुसऱ्या आठवड्यात चव गेली. मनीषाने मऊ खिचडी केली तर म्हणे भुसा, दूध दिलं तर म्हणे चुना. मग लाळ सुकून चिकट झाली, तोंडभर फोड आले, गळा करपल्यासारखा काळा पडला. पाण्याचा घोट घ्यायचा म्हटलं तरी आधी देवाचं नाव घ्यावं लागे. पण या सगळ्याहून जास्त झोंबायचं ते सोमवारचं वजन.

दर सोमवारी किमोच्या आधी सिस्टर सगळ्यांना काट्यावर उभं करायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. दुसऱ्या सोमवारी ती म्हणाली, "कुसाबाई, एक्केचाळीस. वा मावशी, पहिल्या दिवशी होतं तेवढंच! नवसाबाई, साडेशेहेचाळीस. आजी, दीड किलो उतरलात. यांच्याकडून शिका जरा."

यांच्याकडून शिका! चाळीस वर्षं हजार गिऱ्हाइकं तोडून बोलली असतील, पण असा घाव कुणी घातला नव्हता. नवसाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रात्रीपासून तिला गाठीची भीती कमी आणि कुसाबाईच्या डब्याची आठवण जास्त. "एवढीशी चिपाड बाई," ती मनीषापाशी जळफळायची, "तिला कसं काय होत नाय गं? देवानं माझ्याच तोंडात निखारे भरले का?"

"आई, मॅडमना सांगू का, तुम्हाला गिळवत नाही म्हणून?"

"खबरदार! त्या नाकात नळी घालत्यात. त्या चिपाडाम्होरं मी नळी लावून बसू?"

मनीषाने सांगितलं नाही. सासूचा शब्द मोडायची त्या घरात रीत नव्हती, आणि ही तिची चूकच झाली.

आता बाजारात जन्म घालवलेल्या बाईला काटा काय फसवणार? घरात जुनी लोखंडी वजनं पडून होती, मनीषाने इलेक्ट्रॉनिक काटा आणल्यापासून गंजत. तिसऱ्या सोमवारी नवसाबाईने त्यातलं दोन किलोचं आणि एक किलोचं उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि नऊवारीच्या ओच्यात खोचून काट्यावर चढली. सिस्टर म्हणाली, "अठ्ठेचाळीस! शाब्बास आजी." नवसाबाईने कुसाबाईकडे असं पाहिलं, जशी शेजारणीच्या आधी पाटी रिकामी झाल्यावर पाहायची. चौथ्या सोमवारी ओच्यात पाच किलो होते. चालताना कंबर मोडत होती, पण आकडा अठ्ठेचाळीसच. आपलं ठेवायचं झाकून म्हणतात ते असं.

त्याच आठवड्यात बुधवारी, अठराव्या लाईटला, मुखवटा आवळणारा मुलगा थांबला. त्याने मुखवट्याच्या कडेने बोट आत घातलं. बोट सहज गेलं.

"आजी, मान हलवा बरं."

मान हलली. मुखवट्याच्या आत, हलायला नको तेवढी.

मॅडम आल्या. कागद पाहिला, अठ्ठेचाळीस. बाईकडे पाहिलं, गालफडं आत गेलेली. "काटा आणा," म्हणाल्या. बुधवारी काट्यावर चढावं लागेल हे नवसाबाईच्या गावीही नव्हतं, ओचा रिकामा होता. आकडा आला त्रेचाळीस. सिस्टरला वाटलं काटा बिघडला, ती स्वतः चढून उतरली. काटा ठीक होता. तेव्हा मनीषा हळूच म्हणाली, "मॅडम, आमची लोखंडी वजनं दोन आठवडे सोमवारीच घरात सापडत नाहीत."

मॅडमचा आवाज चढला. "पाच किलो उतरलात, आणि मी तुम्हाला अठ्ठेचाळीस किलोच्या मापाने किमो देतेय! किडन्या गेल्या असत्या तर? हा मुखवटा आता बाद. नवा बनेपर्यंत चार-पाच दिवस लाईट बंद. जो खंड पडायला नको होता तो पडला. आता नळी. आज, आत्ता."

"नाय," नवसाबाई म्हणाली. जीभ वळत नव्हती, तरी तेवढं स्पष्ट आलं. "तिला नाय नळी, तर मला बी नाय. नसंल जमत तर ऱ्हाऊ द्या समदं. मी घरी मरते."

ती बाहेर येऊन बाकावर बसली. मनीषा रडवेली होऊन समोर उभी. भारतला फोन लावला तर तो कंपनीत, उचलेना. नळी नाही तर खाणं नाही, खाणं नाही तर लाईट नाही, आणि लाईट नाही तर गाठ वाट बघतच बसलेली. हे नवसाबाईला कळत नव्हतं असं नाही. पण कुसाबाईसमोर नाकात नळी घेऊन बसायचं, त्यापेक्षा मरण बरं, असं तिला त्या घडीला खरोखर वाटलं.

कोपऱ्यातून कुसाबाई उठून आली. सगळं तिच्या कानावर गेलं होतं. समोर बसली, तोंडावरचा पदर बाजूला केला आणि आ केला.

नवसाबाईने पाहिलं. टाळू, जीभ, गालाची आतली बाजू, सगळं पांढरं, सालपटं निघालेलं, मधेमधे रक्त.

"दीड तास लागतो मला," कुसाबाई म्हणाली. शब्द फुटके होते. "येवढीशी नागलीची पेज. येक घोट, मंग रडायचं, मंग दुसरा घोट. भिंतीकं तोंड करून बसते, कोनाला दिसाया नको. मला पयल्या आठोड्यातच मॅडमनी सांगलं, लय बारीक हायेस, नळी घाल म्हनून."

"मंग?"

"नळी घालून करू काय? दर दोन तासाला पातळ करायचं, गाळायचं, वतायचं. धर्मशाळंत मिक्सर कोनाचा आन् हात कोनाचं? पोरगा द्राक्षाच्या कामाला, सून गेली म्हायेरी." तिने मनीषाकडे पाहिलं. "तुला रोज बघते मी, नवसाबाई. ही पोर तुझी पिशवी धरते, पाठीवर हात फिरवते. लय जळते मी तुझ्यावर. कवा कवा वाटतं, तुझी नळी बी मलाच मिळावी आन् ही पोर बी."

नवसाबाईला आयुष्यात पुष्कळ जणींचा हेवा वाटला होता. आपला हेवा कुणाला वाटेल, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ती ताठ बसली. खोटं कशाला बोलू, तिला बरं वाटलं. फोड आलेल्या तोंडाने ती हसायला गेली आणि कळवळली. मग उठून आत गेली आणि मॅडमना म्हणाली, "घाला."

नळी नाकातून उतरताना डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, पण नळी बसली. अर्ध्या तासाने मनीषाने हॉलमध्येच पहिलं दूध ओतलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा नवसाबाईच्या पोटात न दुखता काहीतरी गेलं. मुद्दाम कुसाबाईला दिसेल अशी ती बसली होती.

कुसाबाई बघत होती. हसणं विसरून, दुधाच्या त्या पांढऱ्या धारेकडे.

मनीषाने ते पाहिलं. सासूला न विचारता ती पहिल्यांदाच कुणाला घरी बोलावत होती. "मावशी, अजून तीन आठवडे आहेत ना तुमचे? नळी घालून घ्या आणि आमच्याकडे मळ्यात राहायला या. एकीला केलं काय, दोघींना केलं काय. गाडीतून सोबतच येऊ-जाऊ."

नवसाबाईचा जीव जळाला. आपली सून, आपल्या घरचं दूध, आपल्या सुनेचे हात, आणि ते ओतायचं कुणाला तर हिला! तिने मनीषाकडे रागाने पाहिलं. मग कुसाबाईकडे पाहिलं. कुसाबाईने पदर पुन्हा तोंडावर ओढून घेतला होता आणि ती कुणाकडेच बघत नव्हती, नकार ऐकायची सवय असलेल्या माणसासारखी.

नवसाबाईने सुनेचा हात घट्ट धरला.

"ये म्हणावं तिला," ती पुटपुटली. "पण आधी मला वतायचं. मंग तिला."