पाठ केलेली उपकारस्तुती

आमच्या मिशनच्या कंपाउंडात नाताळ फुकट मिळत नसे. करंज्या आणि परदेशातून आलेल्या पेटीतला एखादा कपडा हाती पडण्याआधी प्रत्येक घरातल्या एकानं चर्चमध्ये उभं राहायचं आणि वर्षभराच्या देवाच्या उपकारांची साक्ष द्यायची, असा रिवाज होता. वर्ष जितकं वाईट, तितकी साक्ष चांगली, असं पाळकसाहेबांचं मत होतं. त्यांचं स्वतःचं वर्ष मात्र नेहमी चांगलंच जायचं.

मी बारा वर्षांची होते, त्या साली सगळ्यांचं लक्ष आमच्या घराकडे होतं. वडील मिशनचे प्रचारक. टेंभुर्णीच्या बाजारात उभे राहून ते शुभवर्तमान सांगायचे. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मिरच्या घ्यायला निघून जायचे. श्रावणात पटकीची साथ आली आणि दोन दिवसांत ते गेले. त्यांची खोली नव्या प्रचारकाला द्यावी लागली. आईला मुलींच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात काम आणि मागची एक खोली मिळाली, पण तीही फक्त नाताळापर्यंत. पुढचं बोर्डिंग चालवणाऱ्या मडमच्या हातात होतं, आणि मडम नुकतीच विलायतेहून आलेली. तिला मराठी यायचं ते ‘पाणी’, ‘चला’ आणि ‘शाबास’ एवढंच. काम गेलं असतं तर आम्हांला जायला ठिकाण नव्हतं. वडिलांनी धर्म बदलला तेव्हाच भावकीनं दार लावून घेतलं होतं.

पाळकसाहेबांच्या बायकोनं, म्हणजे पाळकीणबाईंनी, यावर तोड काढली. साक्ष चांगली झाली की मडमचं मन द्रवेल, म्हणून त्यांनी आईसाठी ती लिहूनच आणली. आईला वाचता येत नव्हतं, तेव्हा पाठ करून घ्यायचं काम माझ्यावर आलं. दुःख आलं, चर्चची मंडळी धावून आली, देवानं सांत्वन केलं, असं सगळं ओळीनं होतं आणि शेवटी, ‘पती नेल्याबद्दलही मी प्रभूचे उपकार मानते.’ भाकरी थापता थापता आई बाकीचं बिनचूक म्हणायची आणि या वाक्याशी आली की आणखी पीठ ओढून घ्यायची. मी चिडायचे. एक वाक्य म्हणायला हिचं काय जातं, असं मला वाटायचं. मला खोलीची काळजी होती.

नाताळच्या सकाळी साक्षी सुरू झाल्या. एका शिंपीकाकांनी आपल्या खोकल्याबद्दल उपकार मानले. खोकल्यानं त्यांचा गर्व उतरवला होता म्हणे. बसताना ते पुन्हा खोकले, त्याअर्थी थोडा उरला असावा. एका म्हातारबाईंनी हरवलेली म्हैस सापडल्याबद्दल स्तुती केली. म्हैस शोधून आणणारा गुराखी बाहेरच बसला होता, त्याचं नाव निघालं नाही.

मग आई उभी राहिली. पहिलं वाक्य तिनं नीट म्हटलं आणि थांबली. मी खालून पुढचे शब्द पुटपुटले, पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

“मंडळी धावून आली न्हाई,” ती म्हणाली. “साथीच्या भ्यानं आपल्यातलं कोणी उंबऱ्यापाशी आलं न्हाई. शेजारच्या मळ्यातली बाई आली. तिचा आन् आमचा देव एक न्हाई, तरी ती पाणी भरत राह्यली, यांचे कपडे धुतले. तिच्याबद्दल मी देवाचे उपकार मानते. यांना नेलं त्याबद्दल मानणार न्हाई. ते मला बिलकुल पटलं न्हाई.”

ती खाली बसली. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मडमला ही भक्तीच वाटली असावी. तिनं वाकून पाळकीणबाईंना इंग्रजीत विचारलं, ती काय म्हणाली? पाळकीणबाईंनी आधी पदर सारखा केला. खरं सांगावं तर साथीत सगळ्यांत आधी दार लावून घेतलं ते त्यांनीच. बोर्डिंगच्या शाळेमुळे मला कळण्यापुरतं इंग्रजी येत होतं. मृत पतीचे कपडे धुणाऱ्या आपल्या मंडळीबद्दल ही विधवा देवाचे उपकार मानते आहे, असं त्यांनी सांगितलं. मडमनं डोळ्यांना रुमाल लावला आणि आईला म्हणाली, “शाबास.”

दुपारी आईचं काम कायम झालं. पेटीतून आम्हांला लोकरीचे दोन हातमोजे मिळाले, दोन्ही डाव्या हाताचे. आईनं ते चुलीवरची भांडी उतरवायला घेतले.

संध्याकाळी मळ्यातल्या बाईला करंज्या देऊन आलो; वाटेत मी आईला पाळकीणबाईंचं इंग्रजी मराठीत सांगितलं. मग जेवायला बसलो. आईनं रोजच्यासारखे डोळे मिटले. मी म्हणाले, “आता तर ऐकायला कोणी न्हाई. कशाला?”

“म्हणून तर,” ती म्हणाली.

तिनं भाकरीबद्दल उपकार मानले, मळ्यातल्या बाईबद्दल मानले, आणि आज आमच्यासाठी खोटं बोललेल्या पाळकीणबाईंबद्दलही मानले. मला हसू फुटलं. डोळे न उघडताच तिनं माझ्या मांडीवर चापट मारली. मग तिनं वडिलांबद्दल देवाचे उपकार मानले, ते चौदा वर्षं तिच्याजवळ होते म्हणून. ते वाक्य तिला कुणी लिहून दिलं नव्हतं, आणि ते म्हणताना ती कुठेच अडली नाही.