भास्करची बिनतारी फळी

फोन सकाळी आला. मी शाळेत परिपाठाला उभा होतो. युसूफ वडगाव या गावाजवळच्या ऊसतोडीवरचा मुकादम बोलत होता, "सर, भास्करभाऊ गेले. करंट लागला." ऐकून मला आधी रागच आला. सहा वर्षं जो माणूस उघड्या तारेशी भांडत होता, तो तारेनंच जावा... महिना होत आला. राग तेवढाच आहे, फक्त आता तो माझ्याकडे वळलाय.

भास्कर माझा शाळेपासूनचा मित्र. पाटोद्यात तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून द्यायचा. त्याचा थोरला भाऊ तोडीवर गेला आणि तिथल्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, ओल्या तारेला चिकटून मेला. तेव्हापासून भास्करच्या डोक्यात एकच होतं, कोपीत उजेड पाहिजे पण उघडी तार नको. त्यानं लाकडी फळीत तांब्याच्या तारेचं वेटोळं बंद केलं, तसंच लहान वेटोळं दिव्याच्या बुडात बसवलं. फळी सोलरवर चालायची. दिवा तिच्यावर नुसता ठेवला की तारेविना चार्ज व्हायचा. पण निम्मी वीज वाटेतच उष्णता होऊन जायची आणि पाचाऐवजी दोनच दिवे भरायचे. "दोन दिव्यांत पाच कोप्या कशा भागायच्या बे मास्तर? मग लोक खांबावरच्या तारेवर आकडा टाकणारच की," तो म्हणायचा.

या गळतीच्या तो हात धुऊन मागे लागला. जाड तार काढून केसासारख्या बारीक तारांचा पीळ घातला. भंगारातल्या रेडिओंच्या काळ्या कांड्या वेटोळ्याखाली बसवल्या. रेडिओचं स्टेशन लावावं तशी दोन्ही वेटोळी जुळवत तासन्‌तास बसायचा. विज्ञान मी शिकवतो, त्यामुळे आकडेमोड माझ्याकडे होती, आणि ती बरेचदा चुकायची. "तुझं पुस्तक लई हुशार हाय, पर त्याला आपलं ऊन म्हाईत न्हाई," असं म्हणून तो मला पिडायचा. शेवटी एका दुपारी पाचही दिवे भरले, तेव्हा हा दांडगा माणूस माझ्या गळ्यात पडून रडला होता.

एका साखर कारखान्याचे अधिकारी फळी बघायला आमच्या शाळेत आले. पसंत पडली तर हंगामात कोप्यांच्या प्रत्येक रांगेला देणार होते. नव्या यंत्राची पूजा झालीच पाहिजे, हा हट्ट माझा. हळदकुंकू वाहिलं, नारळ वाढवला आणि स्टीलचं ताट फळीवरच ठेवलं. भास्कर ते उचलायला पुढं झाला, तर मीच त्याचा हात धरला. "राहू दे रे, पूजेचं ताट लगेच हलवू नये." त्यानं हात मागं घेतला. चारचौघांत माझा शब्द मोडायचा नाही, एवढ्यासाठी गप्प बसला. वीज सगळी ताटानं खाल्ली. दिवे भरेनात आणि ताट मात्र तापलं. साहेबांनी बोट लावून बघितलं. "ही तर शेगडी झाली," म्हणाले, हसले आणि गाडीत बसले. परत या म्हणून आम्ही किती फोन केले... कुणी आलं नाही.

"कावून बोलला न्हाईस?" मी नंतर विचारलं. "तू मित्र हायेस," एवढंच तो म्हणाला. त्यानं एकदा तरी मला शिव्या घालायला हव्या होत्या.

हंगाम सुरू झाला तसा तो एकटाच आपली एक फळी घेऊन तोडीवर गेला. पाच कोप्यांना ती पुरली. पलीकडच्या रांगेत फळी नव्हती, तिथं आकडाच होता. अवकाळी पावसात तार कोपीवर पडली आणि काशीबाई नावाची तोडकरीण चिकटली. भास्करनं तिला ओढून काढलं. ती वाचली.

परवा मी तिकडे जाऊन आलो. हाताला फडकं बांधलेली काशीबाई फळीसमोर बसून दिवे मांडत होती. भास्करचा मित्र म्हणून मी ओळख सांगितली आणि फळीला हात लावायला वाकलो. तिनं मला मधेच अडवलं.

"थांबा सर. हातातलं घड्याळ काढा आधी. फळीजवळ लोखंड आनायचं न्हाई, कुनीबी आनू दे, तोंडावर सांगायचं, असं भाऊंनी आल्या दिवशीच समद्यांना बजावलंय."

मी घड्याळ काढलं.