फास्टताईची कॉलर

शर्टाच्या कारखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नाही. सुपरवायझरपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांची ती फास्टताई. मी तिच्या मागच्या मशीनवर बाह्या जोडते, त्यामुळे चौदा वर्षं तिची पाठ माझ्या डोळ्यांसमोर आहे.

हा 'फास्ट' तिच्या मानगुटीवरच बसलाय. आमच्या भिंतीवरचं घड्याळ सकाळी दहा मिनिटं फास्ट असतं, सुटायच्या वेळी मात्र बरोबर होतं, मेलं! तिच्या सासूबाई चारचौघींत म्हणायच्या, "सून जरा फास्टच आहे हो." ते काही कौतुक नव्हतं. सुपरवायझर मात्र मनापासून कौतुक करतो, आणि सगळा घात त्यानंच झाला. चौदा वर्षं तिच्याकडे फक्त कॉलर, मिनिटभरात ती शिवून टाकते. मग तिच्याकडे बोट दाखवून सगळ्यांचं टार्गेट वाढवतात आणि आम्ही तिच्या नावानं बोटं मोडतो. मीही मोडली, खोटं कशाला बोलू?

तिला जायचं होतं नमुन्याच्या खोलीत. तिथे एकच बाई अख्खा शर्ट शिवते, पहिल्या टाक्यापासून काजाबटणांपर्यंत. लग्नाआधी ही घरी भाच्यांचे फ्रॉक शिवायची, तो आनंद तिला परत हवा होता. दरवर्षी अर्ज करायची. सुपरवायझर हात जोडायचा, "ताई, तुम्ही गेलात तर लाइन बंद पडेल हो!"

यंदा नमुन्याच्या मास्तरांनी स्वतःच बोलावलं. "एक शर्ट शिवून दाखवा. दिवसभर वेळ घ्या, घाई नाही."

काचेतून आम्हाला सगळं दिसत होतं. कॉलर झाली चुटकीसरशी. मग तिनं शर्टाची पाठ उचलली, पुढचा भाग उचलला, उलटसुलट करून पाहिला. खांदे उसवले, पुन्हा जोडले. डावी बाही उजवीकडे लावली. मी इथून खुणा करत होते, पण तिची मान वर झालीच नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर मास्तर आले, तेव्हा टेबलावर अर्धवट शर्ट होता. शेजारी उरलेल्या कापडाच्या अकरा कॉलरी, एकीत तरी खोट काढून दाखवा!

ती जागेवर येऊन बसली. "काय झालं गं?" मी विचारलं.

"पुढचं येतच नाही गं मला," ती म्हणाली. "हात रिकामे ठेववेनात, म्हणून कॉलरी शिवत बसले."

त्या खोलीसाठी यंदा मीही अर्ज दिला होता, चौदा वर्षं नुसत्या बाह्याच जोडणारी मी. सुटायच्या आधी जाऊन तो परत घेतला.